ओल्या बांधावरून

रविवार, २१ डिसेंबर १९५८. सकाळी सहा वाजून बेचाळीस मिनिटे. माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. अंतराचा आणि वेळेचा रकाना रिकामा आहे, कारण त्या मिनिटाला माझा उजवा पाय बांधाच्या मातीत घोट्यापर्यंत रुतला, शरीर पुढे गेले आणि गुडघा जागच्या जागी आत वळला. आवाज झाल्याचे मला स्पष्ट आठवते. सुकी शेंग मोडावी तसा तो आवाज होता. या प्रसंगाविषयी लिहावे की नाही याचा मी तीन वर्षे विचार केला. मी पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी. ज्याची तपासणी करता येत नाही ते लिहू नये, अशी मला सवय लावलेली आहे. म्हणून जे घडले ते घडले त्याच क्रमाने लिहिते आहे. त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार मी वाचकांपेक्षा अधिक सांगत नाही.

त्या वेळी मी एकवीस वर्षांची होते. वडील पनवेलच्या शाळेत मास्तर होते; मी इंटरला असतानाच ते वारले आणि तिथल्या घरात आई एकटी राहत असे. मी मुंबईला वसतिगृहात राहून एम.एस्सी. करीत होते आणि शनिवारी दुपारच्या एस.टी.ने घरी येत होते. अभ्यासाइतकेच, किंबहुना त्याहून थोडे अधिक, मला धावणे प्रिय होते. माझे अंतर आठशे ऐंशी यार्डांचे. कॉलेजच्या मैदानावर ते मी दोन मिनिटे एकतीस सेकंदांत धावले होते आणि पुढच्या वर्षीच्या विद्यापीठ संघाच्या निवडीपर्यंत त्यातून चार सेकंद कमी करायचे असे मी ठरवले होते. चार सेकंद म्हणजे किती पावले, प्रत्येक पावलाची लांबी किती वाढवावी लागेल, याचे गणित मी वहीच्या पहिल्याच पानावर मांडलेले होते. पनवेलला मुलीने धावण्याजोगे खुले मैदान नव्हते. गावात धावले असते तर पायजम्यातली मुलगी पाहायला ओटे भरले असते. म्हणून मी खाडीकडच्या मिठागरांवर जात असे. तिथले बांध लांब, सपाट आणि त्या वेळी निर्मनुष्य असत.

त्या दिवशी खाडीच्या बाजूच्या बांधावर, बरोबर मधोमध, तिवराची एक हिरवी फांदी रोवलेली होती आणि तिला लाल चिंधी बांधलेली होती. पलीकडे सात-आठ हात अंतरावर तशीच दुसरी. अशा फांद्या मी पूर्वीही पाहिल्या होत्या. बांधाच्या टोकाशी शेंदूर लावलेला एक दगड आहे, त्याला आगरातले लोक देवी म्हणतात. बांधाचा एखादा तुकडा नव्याने लिंपला की तो नऊ दिवस देवीचा असतो, त्यावर कोणी पाय ठेवीत नाही, असे मला कोणीतरी सांगितले होते. मी ते ऐकून मनातल्या मनात हसले होते. त्या सकाळी मी फांदीपाशी थांबले नाही. वेग मोडायचा नव्हता. मऊ जमिनीवर पावलाचा आघात कमी बसतो, तेव्हा हा तुकडा सांध्यांना चांगलाच, असा विचारही मी त्या एका क्षणात केला, आणि फांदीवरून उडी मारली. देवीच्या नावाने रोवलेली ती फांदी खरे तर एवढेच सांगत होती की माती अजून ओली आहे. ज्या मुलीला मातीच्या थराची ताकद ओलीवर अवलंबून असते हे शिकवलेले होते, तिला ते वाचता आले नाही, कारण त्यावर चिंधी बांधलेली होती.

मी चिखलात पडले होते आणि उठता येत नव्हते. हाक मारावी तर कोणाला, हाही प्रश्न होता. एकादशी होती, आणि एकादशीला त्या आगरांवर काम बंद असते. तरीही दोन-तीन मिनिटांतच एक बाई माझ्या अंगावर वाकलेली मला दिसली. चाळिशीच्या आसपासची, काटक, कासोटा घातलेली, हातात तेलाची वाटी. देवीपुढे दिवा लावण्याची पाळी त्या दिवशी दुसऱ्याच बाईची होती, पण तिला ताप भरला म्हणून ही आली होती, हे मला पुष्कळ पुढे कळले. तिचे नाव हिराबाय. तिने माझ्या पायाकडे पाहिले, मग मी पडले होते त्या जागेकडे पाहिले, आणि म्हणाली, “गो बाय, पाय हलवू नको. माझ्या गल्यान हात घाल.” मी संकोचले. मी म्हटले की कोणाला तरी बोलवा, मी थांबते. तिने ऐकले नाही. मिठाची टोपली उचलताना बसतात तशी ती पाठ करून बसली आणि मला पाठुंगळी घेऊन उठली. माझे वजन तेव्हा अठ्ठ्याण्णव पौंड होते. आमच्या घरापर्यंतचे अंतर सव्वा मैल. वाटेत तिने दोनदा मला कठड्यावर टेकवून श्वास घेतला, आणि बांध संपून गाडीवाट लागली तिथे एकदा मागे वळून पाहिले. मला वाटले, ती दिव्याचा विचार करीत असावी. सात वाजून चाळीस मिनिटांनी आईने दार उघडले. आईने तिला चहासाठी थांबवण्याचा प्रयत्न केला, पण ती थांबली नाही. लुगड्याला लागलेला चिखलही न धुता ती आली त्या वाटेने जवळजवळ धावतच परत गेली.

पुढचे वर्ष मी वहीतल्या आकड्यांवरून सांगू शकते. गावातल्या डॉक्टरांनी पट्टी बांधून तीन आठवडे अंथरुणात ठेवले. सूज उतरली, पण गुडघा मध्येच अडकू लागला. खुर्चीतून उठावे आणि पाय सरळच होऊ नये, असे दिवसातून चार-पाच वेळा होई. मार्चमध्ये मुंबईच्या एका शल्यविशारदांनी गुडघा उघडून कूर्चेची फाटलेली चकती काढून टाकली. ते सौजन्याने म्हणाले की तुम्ही चालाल, जिने चढाल, संसार कराल, पण धावण्याचे मनातून काढून टाका. मी त्यांना विचारले की ही शक्यता किती, म्हणजे शंभरात किती. ते हसले आणि त्यांनी उत्तर दिले नाही. उत्तर नाही याचा अर्थ शक्यता शून्य नाही, असा मी घेतला. त्या दिवसापासून मी रोज सकाळी आईच्या शिवणाच्या टेपने गुडघ्याचा घेर मोजू लागले आणि कोनमापक लावून तो किती वाकतो ते लिहू लागले. डाव्या गुडघ्याचा घेर साडेतेरा इंच. उजवा कधी चौदा, कधी सव्वाचौदा, आणि मी चोरून धावले की दुसऱ्या दिवशी पंधरा.

आईचे म्हणणे वेगळे होते. ती माझ्याशी वाद घालीत नसे, पण संध्याकाळी दिवा लावताना देवाशी बोलावे तसे मला ऐकू जाईल अशा बेताने बोलत असे. देवीच्या बांधावर बूट घालून पाय दिला, आणि तेही उडी मारून, मग दुसरे काय होणार. मी म्हणे की सूज ही रागाने येत नाही, सांध्यात पाणी साठल्याने येते. ती म्हणे, “पाणी साठतं हे मलाही दिसतं. का साठतं ते सांग.” मी कूर्चेचे चित्र काढून समजावून सांगे, ती ते शांतपणे पाहून घेई आणि म्हणे की चित्र छान काढलेस. तिने त्या बांधावरच्या देवीला नवस बोलला होता. गुडघा बरा झाला तर चांदीचा पाय वाहीन. मला हे कळले तेव्हा मी तिला फार टाकून बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते मला जन्मभर पुरेल एवढे आठवते आहे.

मे महिन्यात मी पुन्हा धावू लागले. वडिलांच्या शाळेच्या बंदिस्त मैदानाचा दरवाजा ओळखीचा शिपाई आता माझ्यासाठी पहाटेच उघडत असे, आणि आई तेव्हा पूजेत असे. शंभर यार्ड, मग दोनशे, मग चारशे चाळीस. प्रत्येक धावेनंतर सूज, सूज उतरेपर्यंत नऊ-दहा दिवस थांबणे, आणि पुन्हा शंभरापासून सुरुवात. एम.एस्सी.चे एक सत्र वाया गेले होते, दुसरेही जाणार असे दिसत होते. प्राध्यापकांचे पत्र आले की प्रयोगाची जागा फार दिवस राखून ठेवता येणार नाही. मी उत्तर लिहिले नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस, निवडीला पाच आठवडे उरले असताना, मी पूर्ण आठशे ऐंशी धावायचे ठरवले. पाचशे यार्डांच्या पुढे गुडघा एकदम सुटला. म्हणजे दुखला नाही, नुसता नाहीसा झाला, जणू मांडीखाली काही नव्हतेच. मी मातीत बसले. शिपायाने पाहिले आणि तोंड फिरवून घेतले, त्याचे मी अजून आभार मानते. त्या दिवशी मी घरी आल्यावर देव्हाऱ्यासमोर गेले. हात जोडले नाहीत. उभ्यानेच म्हटले की तू असशील तर मला हा एक गुडघा परत दे, मी बाकी काही मागणार नाही, आणि नसशील तर तसे तरी कळू दे. दुसऱ्या दिवशी घेर पंधरा पूर्णांक एक चतुर्थांश इंच भरला. मी ती नोंद केली आणि तिच्याखाली, उत्तर मिळाले, असे लिहिले.

निवडीचा दिवस आला आणि गेला. त्या दिवशी मी घरात तांदूळ निवडले.

त्यानंतरच्या आठवड्यात आई एका सकाळी नवे लुगडे नेसून तयार झाली आणि मला म्हणाली की चल, देवीला पाय वाहून येऊ. तिच्या हातात रुमालात गुंडाळलेला बोटभर लांबीचा चांदीचा पाय होता. माझ्या बारशाची वाटी मोडून तिने तो घडवून घेतला होता. मी म्हटले की नवस गुडघा बरा झाला तर होता, आणि गुडघा बरा झालेला नाही, तेव्हा देण्याचे काही कारण उरत नाही. हे मी निव्वळ तर्काने बोलले. आई पायऱ्या उतरता उतरता म्हणाली, “नाही झाला बरा. म्हणून काय देवीशी घासाघीस करत बसायची?” मी काठी घेतली आणि तिच्यामागून निघाले. सव्वा मैलाला आम्हाला एक तास लागला, आणि मी पाठीवर बसून आले होते ते अंतर पहिल्यांदाच माझ्या ध्यानात आले.

आगरांवर काम चालू होते. मीठ धरण्यापूर्वी खाचराचा, म्हणजे बांधांनी वेढलेल्या मिठाच्या वाफ्याचा, तळ पायांनी तुडवून दगडासारखा घट्ट करावा लागतो. दहा-बारा बायका एकमेकींच्या कमरेला हात घालून एका ओळीत उभ्या राहतात आणि टाच दाबत दाबत, इंच इंच सरकत, सगळा तळ तुडवतात. हे काम दिवसेंदिवस चालते. आईने देवीपुढे नारळ फोडला, चांदीचा पाय ठेवला, आणि बराच वेळ डोके टेकून राहिली. मी बाजूला उभी होते. तेवढ्यात ओळीतली एक धिप्पाड बाई मोठ्याने म्हणाली, “हिराबाय, तुजी घोडी आली गो. आज लंगडत आली.” सगळी ओळ हसली. मी पाहिले तेव्हा हिराबाय ओळीच्या शेवटाला होती. वर्षभरात मी तिला भेटले नव्हते. आई मात्र अपघातानंतर आठवड्याने खण-नारळ घेऊन गेली होती. तिने तो घेतला होता आणि पायाची चौकशी केली होती, बाकी काही बोलली नव्हती. मी जवळ गेले आणि आभार मानण्यासाठी वाक्य जुळवू लागले. तीच धिप्पाड बाई पुन्हा म्हणाली, “घे की परत पाठीवर. येक आगर तं गेलाच हाय, आता तुजा काय जायाचा हाय?”

“तोंड बंद कर गो,” हिराबाय म्हणाली. “टाच दाब. चिखल सुटतंय.”

पण मी ऐकले होते, आणि ऐकलेले सोडून देण्याचा माझा स्वभाव नाही. दुपारच्या भाकरीच्या वेळी मी तिच्यापाशी जाऊन बसले आणि सरळ विचारले. तिने आढेवेढे घेतले, मग कांदा फोडता फोडता, दुसऱ्याच कोणाची हकीकत असावी तसे सांगितले. मी ज्या बांधावर पडले त्याच्या आतले खाचर तिचे होते. नवरा वारल्यावर चार हंगाम ती ते एकटीने सांभाळत होती. खेकड्यांनी बांध पोखरला म्हणून तिने स्वतः तो तुकडा लिंपला होता आणि फांद्या रोवल्या होत्या. आत वीस-बावीस दिवसांचे पाणी आटत आले होते. आणखी आठ दिवसांत मीठ धरले असते. माझ्या पायाने आणि अंगाने बांधाचा ओला भाग खाली बसला, आणि ती मला घरी सोडून परत येईपर्यंत भरतीचे पाणी तिथून आत शिरले होते. गढूळ पाण्याने मीठ तर गेलेच, तुडवलेला तळही फुगून फाटला. हंगामात तो पुन्हा बसला नाही. बाईमाणसाला बांध सांभाळता येत नाही असे म्हणून मालकांनी ते खाचर दुसऱ्या कुटुंबाला दिले. आता ती दुसऱ्यांच्या खाचरात तुडवायला येते.

माझ्या तोंडून कसेबसे निघाले की आधी बांध का नाही बुजवलात, मी थांबले असते. तिने माझ्याकडे थोड्या नवलाने पाहिले. “दोन हात हायेत, बाय, मला. येक तं चिखल धरतील, नाय तं तुला धरतील. चिखल मंग पन मिलतो.”

मग मी विचारले की मालकांना खरे कारण का सांगितले नाही. ती म्हणाली, “काय सांगू? मास्तरांची पोर पायजमा घालून बांधावर धावत व्हती? गावाला तेच पायजे. तुजं लगीन व्हयाचं हाय अजून.” आणि हसली. आई मागे येऊन उभी असल्याचे मला तेव्हा दिसले. आईने पुढे होऊन तिच्या चिखलाने भरलेल्या पायांवर डोके ठेवले. हिराबाय एकदम उठली, भाकरी खाली पडली, आणि ती आईवर रागावली. एकादशीचा उपास करणाऱ्या बाईने असे करू नये, मला पाप लागेल, असे काहीसे ती म्हणाली. परत आल्यावर दारात पाय धुताना आई एवढेच म्हणाली, “देणं लागत होतो ते दुसरीकडेच होतं.”

त्या संध्याकाळी मी वही उघडली. आमच्या खाडीवरचे लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तिथी एकादशी, अकराची पाऊणपट सव्वाआठ. पूर्ण भरती सव्वाआठ वाजता. बसलेल्या बांधाच्या उंचीला पाणी त्याच्या पाऊण तास आधी, म्हणजे साडेसातच्या सुमारास लागले असणार. मी पडले सहा बेचाळीसला. बांधाचा तो भाग दोन हातांनी भरून काढायला, तिने सांगितल्याप्रमाणे, चार टोपल्या चिखल आणि पाव तास लागतो. म्हणजे तिच्याजवळ वेळ होता. मला तिथेच चिखलात ठेवून तिने आधी बांध भरला असता, तर सात वाजता मला उचलूनही दोन्ही गोष्टी झाल्या असत्या. मी हे गणित तीनदा केले आणि तीनदाही तेच आले. तिला ते माझ्याहून आधी, बांधाकडे नुसते पाहून, आलेले असणार, कारण भरती ओळखणे हा तिचा धंदा होता. तरीही तिने पाठ करून मला घेतले. गाडीवाटेवर तिने मागे वळून पाहिले ते का, हे त्या ओळी लिहिताना मला कळले, आणि वर्षभरात पहिल्यांदा मी गुडघ्याखेरीज कशासाठी तरी रडले.

चूक कळल्यावर ती दुरुस्त करता येते अशी माझी तेव्हाची समजूत होती. दुसऱ्याच दिवशी मी वही घेऊन मालकांकडे गेले. ते वयस्क, सभ्य गृहस्थ. वडिलांना ओळखत असत. त्यांनी मला बसवले, आतून दूध मागवले आणि माझे सगळे म्हणणे, भरतीच्या गणितासह, लक्षपूर्वक ऐकून घेतले. मग म्हणाले की बाळ, तू खरे बोललीस हे चांगले केलेस, पण खाचर मी ज्यांना दिले त्या घरात सहा माणसे आहेत, आणि त्यांनी तळ तुडवून बसवला आहे. आता ते काढून हिला देऊ का? मी वही मिटली. मी तीन वेळा त्यांच्याकडे गेले आणि तीनही वेळा त्यांनी तेच, तितक्याच मायेने सांगितले. हिराबायला तिचे खाचर परत मिळाले नाही. हे मी इथे स्पष्ट लिहिते, कारण अशा कथनाच्या शेवटी सगळे सुरळीत झाल्याचे वाचण्याची आपल्याला सवय असते.

माझा गुडघा, तिचे मीठ, माझे चार सेकंद, तिचे चार हंगाम: यांपैकी काहीच परत आले नाही. तरीही त्या सकाळी माझ्यावर कृपा झाली असे मी म्हणते; ती कोणती, असे कोणी विचारील. मी स्वतःलाही विचारले आहे. वर्षभर मी देवाकडे पुरावा मागत होते, आणि मला जे मिळायचे होते ते पहिल्याच सकाळी, मी काही मागण्याच्या आत, वाकून माझ्यासमोर बसले होते. मी त्याच्या पाठीवर बसून घरी आले होते आणि वाटेत दुखते म्हणून कण्हत होते. ज्या बाईची त्या दिवशी पाळी नव्हती ती तिथे का आली, तर दुसरीला ताप होता. एवढेच मला माहीत आहे, आणि याहून अधिक मी सांगणार नाही. पण देव्हाऱ्यासमोर मी पुन्हा उभी राहिले तेव्हा मागण्यासारखे काही आठवेना. हात आपोआप जोडले गेले, आणि मी म्हटले की मला क्षमा करा. कोणाला म्हटले ते नक्की सांगता येत नाही. मूर्तीला म्हटले, की चिखलातल्या त्या दोन पायांना.

त्याच आठवड्यात प्राध्यापकांना पत्र लिहिले की जानेवारीपासून येते, जागा शिल्लक असेल तर. आणि मुंबईला जाण्याआधी एक दिवस, काठी बांधावर ठेवून, हिराबाय तुडवत होती त्या खाचरात उतरले. बायकांनी थट्टा केली. शिकलेल्या बाईचे पाय म्हणजे चिखलाला अत्तर, असे ती धिप्पाड बाई म्हणाली. हिराबायने आधी नको म्हटले. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि सरकून आपल्या आणि त्या बाईच्या मध्ये मला जागा करून दिली. दोन्ही बाजूंनी कमरेला हात आले. चिखल थंड होता. टाच दाबायची, उचलायची, अर्धे पाऊल सरकायचे. गुडघा थोडाच वाकवावा लागे, पण प्रत्येक वेळी आत सुई टोचल्यासारखे होई. सवयीने मी मोजू लागले. पन्नासापर्यंत दातओठ खाऊन, शंभराच्या पुढे घामाने निथळत. मी तिचे काहीही फेडीत नव्हते, हे मला ठाऊक होते. हा तळ तिचा नव्हता आणि माझ्या पायांनी तो दुसऱ्यांपेक्षा अधिक घट्टही होत नव्हता. तिच्या शेजारी उभे राहण्यापलीकडे मला काही येत नव्हते, म्हणून मी उभी होते.

मग गुडघा सुटला. शाळेच्या मैदानावर सुटला होता अगदी तसाच, मांडीखाली काहीच नसल्यासारखा. मी पडण्याची वाट पाहिली. पडले नाही. ओळ थांबली नव्हती. दोन्हीकडचे हात नुसते थोडे घट्ट झाले होते आणि माझे अठ्ठ्याण्णव पौंड त्यांच्यावर होते. ओळ टाच दाबीत सरकत राहिली आणि मी तिच्याबरोबर सरकत राहिले. केव्हा तरी गुडघा पुन्हा मांडीखाली आला. किती पावलांनी, ते मला सांगता येत नाही. ऊन डोक्यावर येईपर्यंत मी त्या ओळीत होते, आणि संध्याकाळी वही घेऊन बसले तेव्हा माझ्या ध्यानात आले की गुडघा सुटला तिथपर्यंतचाच आकडा माझ्याजवळ आहे, त्याच्या पुढे मी मोजलेलेच नाही. गुडघ्याचा घेर त्या दिवशी घेतला नाही, नंतरही कधी घेतला नाही. तारीख घातली, आणि जेवढे माहीत होते तेवढे लिहिले: पावले, २१७.